पिवळ्या झग्यातली बहीण

नेस्टरला आम्ही फेब्रुवारीत पुरलं. शवपेटीमागे चालायला दोनच माणसं, मी आणि त्याची घरमालकीण पेग टकेट. पेग अर्ध्या वाटेपर्यंत रडली आणि उरलेल्या वाटेत आता ती खोली कुणाला द्यावी, याचा विचार मोठ्यानं करत राहिली. पाद्रीबुवांना घाई होती. चर्चच्या चोपडीत त्यांनी लिहिलं, 'नेस्टर, काळा, झऱ्यावरचा नोकर, वय अंदाजे पंचावन्न.' झालं. सगळा माणूस एका ओळीत मावला, वर जागाही उरली.

पेटी बंद करायच्या आधी मी त्याच्या डोक्याखाली कॅनव्हासची एक गुंडाळी ठेवली.

"हे काय, डॉर्कसबाई?" पाद्रीबुवांनी विचारलं.

"त्याची बहीण," मी म्हटलं.

म्हातारी कामातून गेली, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. दिसू दे. त्या वेळी थंडीनं दात वाजत होते म्हणून बोलले नाही. आता शेगडीजवळ बसलेय, तर सांगते.

मी डॉर्कस गलिक. ब्रिस्टलमध्ये, कॉलेज ग्रीनच्या मागच्या गल्लीत, बापाच्याच जागेत बसून मी मोठ्या लोकांची जुनी चित्रं धुते, सांधते, झाकते. बाप माझा कपडे रंगवणारा. म्हणजे काय, तर बडे चित्रकारसाहेब यायचे, सरदारीणबाईंचा तेवढा चेहरा रंगवायचे आणि नाव कमवायचे. बाकी रेशीम, लेस, हात, पडदा, कुत्रा, पोपट, सगळं माझ्या बापानं करायचं. बायका आपले झगे गाठोड्यात बांधून पाठवायच्या. ते आम्ही एका लाकडी बाहुलीला चढवायचो आणि बाप त्या बाहुलीसमोर दिवसचे दिवस बसायचा. काळी पोरंही त्याच्याच वाट्याला. बडे साहेब म्हणायचे, "गलिक, तेवढं काळं तू उरकून घे. ते कोण बघतंय?"

काळी पोरं म्हणजे, त्या काळची ती रीतच होती. बाईमाणूस जरा बऱ्या घरचं असलं, की चित्रात तिच्या शेजारी एक काळं लेकरू हवंच. त्याच्या हातात फळांची थाळी नाहीतर मोत्यांची पेटी, गळ्यात चांदीचा पट्टा, नजर मालकिणीकडे वर लावलेली. त्यानं म्हणे बाईंचा रंग आणखी उजळ दिसतो. पट्ट्यावर घराण्याची मुद्रा कोरलेली असायची, कुत्र्याच्या पट्ट्यावर असते तशीच. घरोघरचे साहेब बापाला बजावून जायचे, "गलिक, पट्टा चमकला पाहिजे हं!" बाप त्यासाठी सगळ्यांत महागडा पांढरा रंग राखून ठेवायचा.

ज्यांच्या घरी असं लेकरू नसे, ते दुसऱ्यांकडून उसनं आणायचे, आपण शेजारणीकडून मोठं पातेलं आणतो तसं. लॅम्बोर्न घराण्यात दोन होती, नेस्टर आणि त्याची थोरली बहीण. पैकी नेस्टर गोंडस. लॅम्बोर्नबाई त्याला अर्ध्या जिल्ह्याला फिरवायच्या. सतरा चित्रांत आहे तो. होता.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नऊ वर्षांची आणि तो सातेक. लॅम्बोर्नबाईंच्या मोठ्या चित्रासाठी त्याला आमच्याकडे बसायला पाठवलं होतं. डाव्या भुवईवर ताजी खपली, भुवईचे सरळ दोन तुकडे झालेले. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "पोपट." एवढाच एक शब्द. लॅम्बोर्नबाईंचा तो हिरवा पोपट मेला नंबर एकचा खडूस होता, आणि चित्रात त्याला हातावर घ्यायचं काम नेमकं याच्याकडे.

आमच्याकडे कोळशानं काढलेली रेघ पुसायला पाव वापरतात. शिळा पाव नाही हं, ताजा, मऊ. बापानं टेबलावर ठेवलेला पाव या पोरानं खाऊन टाकला. बाप भडकला, "अरे कारट्या, आता मी पुसू कशानं?" पोरगं घाबरून तोंडातला घास काढून द्यायला लागलं. मला हसू आलं. मग बापालाही आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तेव्हा मी दोन पाव ठेवले होते, एक पुसायला आणि एक त्याला.

त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षं आमचा काही संबंध नाही. तो कुणाचा, मी कोण!

मग ते साल आलं. घराघरातल्या बायकांनी चहातली साखर बंद केली ते. गुलामांच्या रक्ताची साखर आम्हांला नको, म्हणायच्या. अर्जांवर सह्या झाल्या, चर्चमध्ये प्रवचनं झाली, पार्लमेंटात भाषणं झाली. चांगलंच झालं की, मी कुठं नाही म्हणते? पण त्याचं आमच्या गल्लीत काय झालं, ते ऐका. मोठ्या घरांतून माझ्याकडे चित्रं यायला लागली. आधी नुसतं, "बाई, तेवढा पट्टा घालवा." ज्या पट्ट्यासाठी माझ्या बापानं रंग जपून ठेवला, तो मी तपकिरी रंगानं झाकायला लागले. सहा महिन्यांत तीच माणसं परत, "पट्टा गेला, पण पोरगं दिसतंय ना! पाहुणे विचारतात. पोरगंच घालवा." मग मी पोराच्या जागी फुलदाणी काढायची, खांब काढायचा, पडदा खाली ओढायचा. साखरेच्या बेटांवरचे यांचे मळे तिथल्या तिथं, मळ्यातली माणसं तिथल्या तिथं. भिंतीवरचं पोरगं तेवढं गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

हे मी आज बोलतेय. त्या वेळी मुकाट्यानं कामं घेतली. सहा चित्रांतून नेस्टरला मीच घालवला आणि मला काडीचं काही वाटलं नाही.

सातवं चित्र आलं ते थेट लॅम्बोर्नांच्या घरून. थोरले साहेब आणि लॅम्बोर्नबाई कधीच गेले होते. मुलगा पार्लमेंटच्या निवडणुकीला उभा राहत होता, तेही साखर न खाणाऱ्यांच्या जिवावर. त्याचं सगळं बघायला प्रुएट म्हणून एक गृहस्थ होते. बारीक, चटपटीत, सारखे घाम पुसणारे. दोन गडी लावून त्यांनी ते भलंमोठं चित्र माझ्या दारातून आत घातलं.

"पुढच्या महिन्यात शंभर मतदार जेवायला आहेत, बाई," प्रुएटसाहेब म्हणाले. "त्यांतले निम्मे क्वेकर, गुलामगिरीच्या विरोधातले. जिन्यात शिरल्या शिरल्या हे दिसतं. मधे आईसाहेब, उजवीकडे तो काळा मुलगा, डावीकडे ती काळी मुलगी. शोभतं का? तुम्हीच सांगा."

"पन्नास वर्षं शोभत होतंच की."

"तो काळ वेगळा. दोघांनाही घालवा."

"आणि पोपट? तो त्या मुलाच्या हातावर बसलाय."

प्रुएटसाहेबांनी क्षणभर विचार केला. "पोपट राहू द्या," ते म्हणाले. "पोपटाबद्दल कुणाची काही तक्रार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात नेस्टर उभा. मी भुवईवरून ओळखला. केस पांढरे, अंगात स्वच्छ घासलेला जुना कोट. गरम झऱ्यावर तो आजाऱ्यांना पाण्याचे पेले भरून द्यायचा, हे मला ऐकून माहीत होतं. क्षयाची माणसं येतात तिथं, खोकत खोकत. पेला घेताना त्याच्या बोटाला बोट लागू नये म्हणून कडेला धरतात, हेही मी एकदा पाहिलं होतं.

"डॉर्कसबाई," तो म्हणाला, "तुम्ही मला सहा वेळा घालवलंत म्हणे."

मी ब्रश खाली ठेवला.

"नाही, रागावलो नाही," तो म्हणाला. "पण मेलेल्या माणसालासुद्धा एकदाच पुरतात हो." आणि स्वतःच हसला. हसणं तोंडातल्या तोंडात, कुणी ऐकायला नसलं की माणूस हसतो तसं.

मी त्याला आत बसवलं. पाव आणि चीज पुढे ठेवलं. पावाकडे बघून म्हणाला, "हा खायचा की पुसायचा?" आता मात्र मीही हसले.

"दोन दिवस बसलो होतो तुमच्या वडलांसमोर," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी असं तोंड, दुसऱ्या दिवशी तसं. त्या घरात कुणी मला सबंध पाव कधी दिला नव्हता."

मग तो चित्रासमोर गेला. स्वतःकडे त्यानं बघितलंही नाही. डाव्या कडेला, पिवळ्या झग्यातल्या मुलीसमोर उभा राहिला. जिन्यातल्या मेणबत्त्यांच्या धुरानं चित्र इतकं काळवंडलेलं, की झगा, डोक्याचा रुमाल आणि कानातलं मोती सोडून त्या मुलीचं फारसं काही दिसत नव्हतं. चेहऱ्याच्या जागी नुसती सावली.

"ही माझी बहीण," तो म्हणाला. "घरात क्लोई म्हणायचे. खरं नाव एफुआ. माझं क्वेकू. मला त्या नावानं हाक मारणारी ती एकटीच होती."

दोघांना एकाच जहाजातून आणलं होतं. तो पाच वर्षांचा, ती दहाची. मग ती सोळाची झाली. उंच झाली, अंगानं भरली. शेजारी उभी राहिली तर मालकिणीकडे कुणी बघेना. नाकापेक्षा मोती जड! लॅम्बोर्नबाईंनी तिला एका कप्तानाबरोबर पाठवून दिली, साखरेच्या मळ्यावर. नेस्टरला सांगितलं, क्लोई धोब्याकडे गेलीय.

"मी अकरा वर्षांचा होतो," नेस्टर म्हणाला. "एवढे दिवस धोब्याकडे कोण राहतं, हे कळायला हवं होतं मला. पण मी वाट बघायचो. हे चित्र जिन्यात होतं. तिथले दिवे पुसायचं काम माझं. तीस वर्षं रोज हिच्याखाली उभा राहून दिवे पुसले. मग थोरल्या बाईसाहेब गेल्या, साहेब गेले. धाकट्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, नेस्टर, आजपासून तू मोकळा. आणि दार दाखवलं."

"पगार?"

"कसला पगार? मोकळा केला ना!" तो पुन्हा तसाच हसला. "हे चित्र इथं आलंय, ते तिथल्या स्वयंपाकिणीनं सांगितलं. वर्षातून एकदा, नाताळात, ती मला मागच्या दारानं आत घेते. पाव घटका जिन्यात उभा राहतो आणि परत येतो."

मग त्यानं टोपी हातात घेतली. इतका वेळ गप्पा मारणारा माणूस एकदम नोकरासारखा ताठ उभा राहिला.

"बाई, माझं तुम्ही काहीही करा. खांब करा, फुलदाणी करा. मला आता सवय झालीय. पण हिला झाकू नका. हिचं तोंड जगात दुसरीकडे कुठं नाही. मीसुद्धा डोळे मिटले, की मला ही चित्रातलीच दिसते. हे गेलं, तर मला एक बहीण होती हे सांगायला कुणी नाही. मलासुद्धा खोटं वाटायला लागेल."

मला एकदम भडभडून आलं. मी लग्न केलं नाही, भाऊ-बहीण नाही, बाप जाऊन वीस वर्षं झाली. त्या खोलीत मी आणि ती लाकडी बाहुली. माझा आवाज ऐकायला मीच. पण माझ्याकडे निदान बापाचे ब्रश आहेत. या माणसाकडे काय होतं? दुसऱ्याच्या जिन्यातली एक सावली, तीही वर्षातून पाव घटका.

"बघते मी," मी म्हटलं. "रविवारी ये."

आमच्या धंद्यात एक जुना नियम आहे. शिंप्याकडे उरलेलं कापड जसं शिंप्याचं, तसा चित्राचा कापलेला तुकडा कापणाऱ्याचा. चौकट बदलली, भिंत अपुरी पडली, की लोक चित्रं कडेनं कापून घेतात. माझ्या कोंबड्यांचं खुराडं असल्या तुकड्यांनीच शाकारलेलं आहे. आभाळ, कुत्र्यांची शेपटं, एका ड्यूकचा अर्धा पाय. ते तुकडे कुणी कधी परत मागितले नाहीत.

मी प्रुएटसाहेबांना बोलावणं पाठवलं.

"साहेब, पोपटवाल्या मुलाला झाकते मी, पोपटाला पितळी दांडीवर बसवते. पण मुलीचं जमायचं नाही."

"का? तीच का?"

"तिचा रंग जाड लागलाय. झाकला, तरी दोन-चार वर्षांत खालचा काळा वर येतो. आधी डोळे येतात. पडद्यातून डोळे बघताहेत, असं दिसतं लोकांना. बाथच्या एका बाईंच्या घरी झालंय असं. जेवता जेवता पाहुणे उठले."

बाथची बाई मी जागच्या जागी जन्माला घातली. पण खालचा रंग वर येतो, हे खरं आहे, माझी जीभ झडायची नाही. प्रुएटसाहेबांनी कपाळ पुसलं, मान पुसली.

"मग?"

"कापून टाकू. कडेलाच आहे ती. हातभर पट्टी गेली तर आईसाहेबांना धक्का लागत नाही. चौकट मी लहान करून देते."

"आणि ती पट्टी?"

"खुराड्याला लावते." अगदी सहज म्हटलं मी.

"लावा, लावा. कुणाच्या नजरेस पडू देऊ नका म्हणजे झालं," असं म्हणून गेले बिचारे. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि तीसुद्धा आयती माझ्या हातात. त्या दिवशी मी स्वतःवर भलतीच खूश होते.

आधी मुलाचं काम घेतलं. झाकायच्या आधी वरची काजळी काढावी लागते, नाहीतर नवा रंग धरत नाही. कापसाच्या बोळ्यानं हलक्या हातानं पुसत गेले, तसा सात वर्षांचा नेस्टर वर आला. गाल, ओठ आणि ती तुटकी भुवई. माझ्या बापाची खोड, जे दिसेल ते रंगवायचं. सरदाराच्या नाकावरचा मस असो, नाहीतर पोराची खपली. बड्या साहेबांनी मस पुसायला लावले, खपलीकडे त्यांचं लक्षही गेलं नसणार. मी पोराला म्हटलं, "माफ कर रे बाळा," आणि त्याच्यावर पितळी दांडी रंगवली. पोपट दिमाखात वर बसला.

मग सरळपट्टी धरून डावी कड कापली. हातभर रुंद, पुरुषभर उंच. मुलगी टेबलावर आली.

तशीच काळवंडलेली दिली असती तरी चाललं असतं. पण नाही! मला हौस. म्हटलं, एवढं करतेय तर नीट करू, रविवारी त्याला बहिणीचा लख्ख चेहरा दाखवू. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच. शनिवारी सकाळी चांगला उजेड होता. खिडकीशी बसून पुसायला घेतलं. रुमाल निघाला, मोती निघालं, कपाळ निघालं. मग डावी भुवई.

मधोमध तुटलेली.

मी बोळा खाली ठेवला. पुन्हा पुसलं. खपलीसुद्धा तीच, बारीक तांबूस. डोळे तेच, ओठांचा मुरडलेला कोपरा तोच. रुमालाखाली, मोत्याच्या मागे, पिवळ्या झग्यावर सात वर्षांचा नेस्टरच माझ्याकडे बघत होता.

मग सगळं एकेक करून आठवत गेलं. तो पिवळा झगा बाहुलीवर होता, मीच त्याच्या चुण्या बसवल्या होत्या. गाठोड्यातून झगा आला होता. मुलगी आलीच नव्हती. तिला घरी काम असणार, नाहीतर पाठवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नसणार. मी तिला कधी पाहिलंच नाही, आणि इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही. दोन दिवस बसलो होतो, नेस्टर म्हणाला होता. पहिल्या दिवशी असं तोंड, दुसऱ्या दिवशी तसं. एका पोरावर बापानं दोघांचं काम भागवलं होतं. ते कोण बघतंय?

बाप माझा वाईट नव्हता हो. त्यानं त्या पोराला पाव खाऊ दिला. पण कुत्र्याच्या जागी दुसरं कुत्रं चालतं, तसं काळ्याच्या जागी दुसरं काळं चालतं, यात काही चूक आहे असं त्याला वाटलंच नाही. आणि तीस वर्षं नेस्टर धुरकटलेल्या चित्राखाली उभा राहून स्वतःलाच बहीण म्हणत राहिला. बघता बघता तिचा खरा चेहरा मनातून गेला आणि त्याजागी हा येऊन बसला. एफुआ कुठंच नव्हती. ना भिंतीवर, ना त्याच्या मिटलेल्या डोळ्यांत.

मला पुसा आणि तिला वाचवा, म्हणाला होता. मी तिकडे त्याला पुसलं आणि इकडे त्यालाच वाचवलं होतं.

मी तपकिरी रंग कालवला. ती भुवई सांधायची, बस्स. ब्रशचे दोन फटकारे. मग ओळखू आलं नसतं. साऱ्या जन्मात मी हेच तर करत आले. ब्रश भरून घेतला, वाकले, आणि हात थांबला. सात वेळा झाकलं होतं या माणसाला, हे आठवं. आणि आता त्याच्या बहिणीच्या नावावर? नाही जमलं. ब्रश धुऊन ठेवला. वाटलं, उद्या त्याला बसवून सरळ सांगू. रात्रभर शब्द जुळवले. एकही धड जुळला नाही.

रविवारी तो दाढी करून आला. गळ्याला पांढरा रुमाल. कुणाला तरी भेटायला चाललेला माणूस दिसतो, तसा दिसत होता. मी दारातच म्हटलं, "नेस्टर, आधी बस. मला तुला काही सांगायचंय."

पण त्यानं टेबलावरचं चित्र पाहिलं होतं. खिडकीतून सगळा उजेड तिच्या तोंडावर येत होता. तो जवळ गेला. टोपी काढली. आता कळणार याला. आरशात रोज बघतो हा माणूस.

तो वाकून बघायला लागला. मग त्याचं बोट हळूच स्वतःच्या डाव्या भुवईकडे गेलं. आणि तिथून चित्रातल्या भुवईकडे. लावलं नाही, वरच्या वर धरलं.

"बाई," तो म्हणाला. "तिलासुद्धा चावला होता?"

मी झग्याच्या चुण्यांकडे बघितलं.

"मला आठवतच नव्हतं. लहान होतो ना मी." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता, पण या वेळी ते हसणं तोंडातल्या तोंडात नव्हतं. "एवढी वर्षं मला वाटायचं, त्या घरात तो मला एकट्यालाच चावला."

सगळा जन्म मी तोंडाळ म्हणून ओळखली गेले. पाद्र्याला ऐकवते, प्रुएटला बनवते. त्या वेळी मात्र रात्री जुळवलेलं सगळं बाजूला ठेवलं. तो माझ्याकडे वळला. माझ्याकडून त्याला नुसता होकार हवा होता.

"हो रे, क्वेकू," मी म्हटलं. "दोघांनाही चावला होता."